आवक वहीतील नोंद : विदर्भातील संशोधन मंडळे आणि छोटी संग्रहालये
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



रामटेकच्या पायथ्याजवळचे नगरधन हे आज एक साधे गाव आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी ते नंदिवर्धन या नावाने वाकाटकांची राजधानी होते. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वैधव्यानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तेथून राज्यकारभार पाहत असे. तिने एका आचार्यास दंगुण नावाचे गाव दान दिले आणि त्या दानाचा लेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दिला. दानपत्रात सांगितलेल्या चतुःसीमेवरून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे दंगुण म्हणजे आजचे हिंगणघाट, असे ठरविले. आता नवल पाहावे. दान नगरधनचे, गाव हिंगणघाटचे, पण हे पत्रे विद्वानांच्या दृष्टीस पडले ते अहमदनगरच्या एका कासाराकडे, आणि इतिहासाच्या ग्रंथांत त्यांचे नाव पडले ‘पुणे ताम्रपट’!

कासाराच्या घरी जुन्या तांब्याची स्वाभाविक गती म्हणजे मूस. हे पत्रे मुशीत गेले नाहीत, हा केवळ योग. ते गेले असते तर वाकाटक आणि गुप्त या दोन राजकुळांचा संबंध व त्यावर आधारलेला वाकाटकांचा कालनिर्णय यांचा एक मोठा आधारस्तंभच नाहीसा झाला असता. पत्रे वाचले, परंतु ते विदर्भातून नगरास कोणाच्या हातून, कोणत्या पिढीत गेले, ही हकीकत मात्र कायमची हरपली. ती कोणी लिहून ठेवलीच नाही.

याच्या उलट उदाहरणही नगरधनचेच आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखचिन्हाने अंकित अशी मातीची मुद्रा सापडली. वस्तू तळहातावर मावेल एवढी, मातीची, बाजारात तिला कवडीची किंमत नाही. पण ती कोणत्या खड्ड्यात, किती खोलीवर, कोणत्या वस्तूंच्या सोबतीने सापडली हे सर्व कागदावर असल्यामुळे तिच्या साक्षीला जे वजन आहे, ते वाटेत धनी हरवलेल्या सोन्याच्या नाण्यालाही येत नाही. व्यापारी समाजाला हे सांगण्याची आवश्यकता नसावी. माल दुकानात आला आणि आवक वहीत चढला नाही, तर तो माल कोणाचा, कोठला, कोणत्या भावाचा, हे उद्या मालकही सांगू शकत नाही. संग्रहालयशास्त्राचा पाया हाच आहे, आणि छोट्या गावातील छोट्या संग्रहालयांचे भवितव्यही याच एका वहीवर अवलंबून आहे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सामान्य नागपूरकर प्रेमाने ‘अजब बंगला’ म्हणतो, ते १८६३ साली स्थापन झाले. नागपुरात आगगाडी आली १८६७ साली, म्हणजे या शहरात संग्रहालय रेल्वेच्या आधीचे आहे! त्या काळी नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असल्याने दूरदूरच्या जिल्ह्यांतील चीजवस्तू येथे येत. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया येथे जमिनीत पुरलेली तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे असा प्रचंड साठा मिळाला. त्याची वाटणी झाली. काही भाग नागपुरात राहिला, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात राजनापूर खिनखिनी नावाचे गाव आहे. तेथील जमिनीतून निघालेल्या प्राचीन जैन धातुप्रतिमाही याच अजब बंगल्यात आहेत. भारतीय मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक आहे. नागपूरच्या जैन घरांपैकी किती घरांना ठाऊक असेल, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

या ठिकाणी एक जुना वाद उपस्थित होतो. गावची वस्तू गावातच राहावी की शहरातील मोठ्या संग्रहालयात जावी? भावनेचे उत्तर सोपे आहे, व्यवहाराचे नाही. गावातील देवळाच्या पडवीत ठेवलेल्या मूर्तीला ना कुलूप, ना राखणदार. चोरी झाली तर पोलिसांना दाखविण्यास छायाचित्र नाही, माप नाही. शहरात ती सुरक्षित राहते, पण ज्या पांढरीतून ती निघाली, त्या पांढरीशी तिचे नाते तुटते. शेजारच्या शेतात दुसरे काय निघाले होते, नांगराला पूर्वी विटा कोठे लागत असत, त्या टेकाडाला म्हातारी माणसे काय म्हणत, हे केवळ गावातल्या माणसालाच माहीत असते. म्हणूनच गावोगावी संशोधन मंडळे हवीत, असे विसाव्या शतकाच्या आरंभी काही दूरदर्शी माणसांना वाटले.

पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्या सहकार्याने १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. पुढे राजवाडे त्या मंडळापासून दूर झाले आणि आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. पुढील वर्षीच धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करून त्यांची कागदपत्रे जतन केली. खानदेशातल्या एका व्यापारी गावाने एवढ्या तातडीने हे काम अंगावर घेतले, ही गोष्ट लहान नव्हे. नागपुरात १९३४ साली स्थापन झालेले विदर्भ संशोधन मंडळ हे याच परंपरेतले. मिराशींसारखा जागतिक कीर्तीचा विद्वान तेथे स्थानिक कार्यकर्त्यांच्या बरोबरीने बसला. मंडळाच्या वार्षिकाचे जुने अंक चाळले तर त्यांत विदर्भातील खेड्यापाड्यांतील लेख, नाणी, पोथ्या यांची वृत्ते आढळतात. यवतमाळला डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम उभा केला. व्यवसायाने ते वकील. महानुभाव पंथाच्या पोथ्यांचा शोध हा त्यांच्या जिवाचा विषय. त्यातील कित्येक पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिलेल्या आणि मठांच्या पेट्यांत बंद होत्या. मराठी गद्याचा उगम ज्या साहित्यात आहे ते साहित्य प्रकाशात आणण्यात पुण्या-मुंबईबरोबर यवतमाळच्या या वकिलाचाही मोठा वाटा आहे.

वाशीमची कथा तर आवर्जून सांगण्यासारखी आहे. १९३९ साली वाशीमच्या एका शास्त्र्यांकडे असलेले चार ताम्रपत्रे उजेडात आले. य. खु. देशपांडे आणि प्रा. महाजन यांनी ते त्याच वर्षी विद्वानांपुढे ठेवले, पुढे मिराशींनी त्यांचे पुन्हा साक्षेपी संपादन केले. हे दानपत्र वत्सगुल्म येथून, म्हणजे वाशीमहूनच, विंध्यशक्ती नावाच्या राजाने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेले होते. त्यात वंशावळीचा भाग संस्कृतात व व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. या चार पत्र्यांनी काय केले? वाकाटकांची वत्सगुल्म येथे राज्य करणारी एक स्वतंत्र शाखा होती आणि तिचा मूळपुरुष सर्वसेन होता, हे सिद्ध झाले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील ज्या शिलालेखाचे वाचन त्यापूर्वी अडखळत होते, तोही मग नव्याने वाचता आला. शास्त्रीबुवांनी ते पत्रे घरात सांभाळले, जवळच्या जिल्ह्यात ते ओळखणारा माणूस होता, आणि त्या माणसामागे एक मंडळ होते. तीन दुवे होते म्हणून अजिंठ्याचा इतिहास दुरुस्त झाला. यांतील कोणता दुवा आज शाबूत आहे, याचा अंदाज घेतला तर मन थोडे खिन्न होते.

अशा कार्याला पैसा कोणी पुरविला, हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या सभेत तरी विचारला गेलाच पाहिजे. राजेरजवाड्यांनी संग्रहालये काढली हे खरे. औंधच्या पंतप्रतिनिधींचे संग्रहालय प्रसिद्धच आहे. पण पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांचे चष्म्याचे दुकान होते. दुकानदारीतून उरलेला पैसा आणि वेळ त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, वाद्ये अशा घरगुती वस्तू जमविण्यात घातला आणि बालवयात गेलेल्या राजा या पुत्राच्या नावाने भव्य संग्रहालय उभे राहिले. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्याच पांढरीतून वर येणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी, हस्तिदंती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. आज तेथील शासकीय संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी केली जाते. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या माहितीपुस्तकात लिहून ठेवले आहे की तगराहून भडोचच्या बंदराकडे साधे कापड आणि तलम मलमल मोठ्या प्रमाणात जाते. कापडाच्या पेठेत बसणाऱ्यांनी तेरला एकदा जाऊन यावे. तो आपल्याच धंद्याचा तीर्थक्षेत्रासारखा गाव आहे.

कापडाचा विषय निघाला म्हणून आणखी एक दाखला देणे गैर होणार नाही. १८६६ साली फोर्ब्स वॉटसन या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटविले. असे २० संच करून त्यांतील १३ विलायतेत आणि ७ हिंदुस्थानात वाटले. हेतू अर्थातच मँचेस्टरच्या गिरण्यांना येथील गिऱ्हाइकाची आवड कळावी, हा होता. हेतू उदात्त नव्हता. परंतु वितभर तुकड्याशेजारी तो कोठला, लांबी-रुंदी किती, किंमत काय, असा तपशील असल्यामुळे त्या चिंध्या आज वस्त्रांच्या इतिहासाचे प्रमाण साधन ठरल्या आहेत. नागपुरी लुगड्यांचे काठ, उमरेड-पवनीचे विणकाम, भंडाऱ्याचा कोसा यांचे जुने नमुने कित्येक दुकानांच्या माळ्यावर पडून असतील. कोणत्या विणकराचे, कोणत्या सालचे, हे सांगणारे मुनीम जोवर हयात आहेत, तोवरच त्यांचा उपयोग.

जैन समाजापुरते बोलावयाचे तर कारंजा (लाड) हे ठिकाण डोळ्यांसमोर ठेवावे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे व भट्टारकपीठे तेथे होती, आणि त्यांच्याबरोबर शास्त्रभांडारेही होती. रायबहादूर हिरालाल यांनी संपादिलेली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची यादी १९२६ साली नागपुरात प्रसिद्ध झाली. तीत कारंजाच्या पोथ्यांचा समावेश झाला आणि देशभरातील विद्वानांचे लक्ष तिकडे वळले. अमरावतीच्या महाविद्यालयातील डॉ. हिरालाल जैन यांनी त्या कार्याला पुढे अवघे आयुष्य दिले. अंबादास चवरे यांच्या नावाची ग्रंथमाला कारंजातून निघाली. १९३१ पासून अवघ्या तीन-चार वर्षांत पुष्पदंताचा जसहरचरिउ, णायकुमारचरिउ, कनकामराचा करकंडचरिउ हे अपभ्रंश काव्यग्रंथ कारंजातून प्रकाशित झाले. मराठी, हिंदी, गुजराती या भाषांच्या पूर्वपीठिकेचा अभ्यास या ग्रंथांवाचून होत नाही. त्याआधी हे ग्रंथ कोठे होते? वेष्टनात होते. पूजा होत होती, अर्घ्य चढत होते, यादी मात्र नव्हती.

यानंतरचे कार्य तर सर्वश्रुत आहे. विदिशेचे श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून अमरावतीहून षट्खंडागमाचे धवला टीकेसह प्रकाशन १९३९ पासून सुरू झाले आणि सुमारे वीस वर्षांत त्याचे १६ खंड पूर्ण झाले. सोलापूरचे जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली गजपंथा येथे विद्वानांना एकत्र केले. जैन संस्कृती संरक्षक संघासाठी प्रथम ३०,००० रुपये आणि १९४४ साली आपली जवळजवळ दोन लाखांची सर्व मालमत्ता त्यांनी अर्पण केली. त्यांच्याच नावाच्या ग्रंथमालेत १९५८ साली प्रा. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ ज्या साधनांवर उभा आहे ती साधने कोणती? पोथ्यांच्या शेवटच्या प्रशस्ती, आणि मंदिरांतील मूर्तींच्या पादपीठांवरील दोन-दोन ओळींचे लेख. संवत, संघ, गण, भट्टारकाचे नाव, प्रतिष्ठा करविणाऱ्या श्रावकाची ज्ञाती, गोत्र, कुटुंबीयांची नावे, एवढाच त्यांचा मजकूर. पण असे शेकडो लेख एकत्र मांडल्यावर पाच-सहाशे वर्षांचा अखंड इतिहास तयार झाला. बघेरवाल, खंडेलवाल, सैतवाल, परवार कुटुंबे कोठे, केव्हा, कोणाच्या शिष्यपरंपरेत होती, हे त्यातून वाचता येते. पवनीला १९६९-७० साली शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी उत्खनिलेल्या बौद्ध स्तूपाच्या दगडांवरही अशीच सामान्य दात्यांची नावे कोरलेली आढळली. स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर देणगीदारांची यादी छापण्याची पद्धत विदर्भात किती जुनी आहे, ते यावरून दिसते!

आता काळजीची बाब. गेल्या काही दशकांत अनेक गावांतील मंदिरांचा जीर्णोद्धार झाला. श्रद्धेने झाला, लाखो रुपये खर्चून झाला, त्यात कोणाचा हेतू वाईट नाही. परंतु जुन्या दगडी चौकटी, कोरीव गणधरपट्टिका, लाकडी तुळया निघाल्या त्या कोठे गेल्या, हे बहुतेक ठिकाणी कोणी सांगू शकत नाही. संगमरवर आला आणि शिलालेख गिलाव्याखाली गेला. धातूच्या लहान प्रतिमा चिंच व भस्म लावून घासल्या जातात, त्यांच्या पाठीमागची अक्षरे दर वर्षी थोडी थोडी पुसली जातात. वाडे पडत आहेत. त्यांच्यासोबत रोजमेळ, खतावण्या, हुंड्यांचे कागद, मोडी पत्रे किलोच्या भावाने रद्दीत जातात. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. वाचणारा उद्या शिकेल, कागद मात्र उद्या मिळणार नाही.

कायद्याची भीती हेही एक कारण आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ‘सरकारजमा होईल’ या धास्तीने वस्तू लपविली जाते आणि अखेर मुशीत जाते. त्याच कायद्यात सापडविणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे, हे मात्र गावात पोहोचत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींच्या नोंदणीची व्यवस्था केली. नोंदणी म्हणजे जप्ती नव्हे. मूर्ती मंदिरातच राहते, आणि चोरीस गेली तर तीच नोंद तिला परत आणण्याचा आधार होते. हस्तलिखितांसाठी २००३ साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचा संकल्प जाहीर झाला. सरकारी माणूस दारात येईल तेव्हा त्याच्या हाती देण्यास यादी तयार असली तर त्याचे काम एका दिवसाचे आहे. नसली तर तो पुढच्या गावी जाईल.

इमारत, काचेची कपाटे, उद्घाटन यांना पैसा सहज जमतो. वहीला जमत नाही, कारण वहीवर नावाची पाटी लावता येत नाही. शिवाय संस्थापक गेला की कपाटाची किल्ली त्याच्या घरी राहते, आणि कोणत्या वस्तूचा उगम काय, ही माहिती त्याच्याबरोबर स्मशानात जाते. छोटी संग्रहालये ओस पडतात ती बहुधा अशा रीतीने. वस्तू तेथेच असतात, त्या बोलेनाशा होतात. म्हणून खर्च करावयाचाच तर आधी एक जाड बांधणीची वही घ्यावी. प्रत्येक वस्तूला अनुक्रमांक द्यावा. वर्णन, माप, धातू किंवा पाषाण, लेख असल्यास जसाच्या तसा उतारा, कोणाकडून व कोणत्या तारखेस आली, मूळ ठिकाण कोणते, आज कोठे ठेवली आहे, एवढे रकाने पुरेत. मूर्तीचा लेख टिपताना बाजूने तिरका प्रकाश टाकावा, म्हणजे झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. हल्ली प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर हे छायाचित्र निघते. वहीच्या दोन प्रती असाव्यात आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी.

या कामासाठी नवा दिवस शोधण्याचेही कारण नाही. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीस, शास्त्रभांडारे उघडून पोथ्यांची झाडलोट व पूजन होते आणि वेष्टने बदलली जातात. त्याच दिवशी एकेक पोथी मोजून, तिच्या शेवटच्या पानावरील प्रशस्ती उतरवून, वहीतला क्रमांक वेष्टनावर घालावा. वेष्टनासाठी चकचकीत सिंथेटिक कापड घेऊ नये. त्यात हवा खेळत नाही आणि ओल आत कोंडते. कोरा मांजरपाट घ्यावा. गिरणीची खळ कसरीला बोलावते, म्हणून तो दोन पाण्यांत उकळून खळ पुरती काढावी आणि सावलीत वाळवावा. पोथीच्या लांबीच्या अडीचपट कापड पुरते. क्रमांक शाईने कापडावर लिहू नये, शाई फुटून पानांपर्यंत जाते. सुती फितीच्या तुकड्यावर तो दोऱ्याने काढून फीत वेष्टनाच्या टोकाला टाचावी.